नारळ ठेवायचा राहिला

अपेक्षाचे फोटो यायचे ते नेमके जयमालाच्या हाताला ज्वारीचं पीठ लागलेलं असताना. इकडे बीबी गावात तेव्हा जेवायची वेळ झालेली असायची आणि तिकडे आफ्रिकेत, आरुषा नावाच्या शहरात, सकाळ नुकती वर आलेली असायची. ओट्यावरचा फोन वाजला की सासूबाई, म्हणजे शालूबाई, बाजेवरूनच म्हणायच्या, "पाह्य वं, आली वाटते तुही जाऊ जिराफावर बसून." मग चष्म्याची शोधाशोध. तव्यावरची भाकरी उलटवायची, करंगळीनं फोन उघडायचा आणि सासूला आफ्रिका दाखवायची, हे जयमालाचं रोजचं एक जादा काम होऊन बसलं होतं.

घर रस्त्याला लागून. पुढं तिच्या नवऱ्याचं, कुलदीपचं, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, मागं दोन खोल्या आणि पत्र्याखालचा स्वयंपाक. धाकटा दीर शेखर याच दुकानात हात काळे करून शिकला, मग बोअरच्या गाडीवर गेला आणि बोअर मारत मारत थेट टांझानियात पोचला. मागच्या उन्हाळ्यात तो बायकोलाही, अपेक्षालाही, तिकडे घेऊन गेला. आरुषाच्या शेजारीच मोठं राखीव जंगल आहे, नॅशनल पार्क. सुट्टी असली की दोघं तिथं, आणि तिथून फोटो. बाभळीसारख्या झाडांवरून मान काढून बघणारे जिराफ. पाठीवरून पांढरी झालर सोडलेली काळी माकडं. मोमेला नावाची खारी तळी आणि त्यांच्या काठानं गुलालाची रेघ ओढावी तसे रोहित पक्षी. या सगळ्याच्या मागं एक निळा डोंगर. त्याचं नाव मेरू. ते नाव ऐकल्यावर शालूबाईंनी फोनलाच हात जोडले होते.

"पोथीतला मेरू खरंच हाये म्हना की," त्या म्हणाल्या होत्या. "आन् पाह्यला कोनं, तं आपल्या अपेक्षानं."

ते ऐकून जयमालानं भाकरी अशी थापली होती की तिला मधोमध भोक पडलं.

कारण जयमाला अमडापूरची, चिखलीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही माणसाइतकीच हाडं असतात, रोहित पक्षी जन्मतः गुलाबी नसतात, खाऱ्या पाण्यातलं खाऊन खाऊन त्यांना तो रंग चढतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि अपेक्षा? बारावीला अडकलेली. तरसाच्या फोटोखाली ती 'इकडचा कुत्रा' असं लिहायची. जयमाला मुकाट्यानं 'तरस' टाइप करायची आणि पाठवायच्या आधी पुसून टाकायची. बिबट्या कोणता नि चित्ता कोणता हे जिला कळत नाही तिला देवानं आफ्रिका दिली, आणि जिला कळतं तिला दिला तवा.

कुलदीपला हे सगळं दिसायचं. जेवायला आत आला की नाक वर करून म्हणायचा, "जळल्याचा वास येऊन राह्यला. भाकर हाये का तू?"

ती हसायची. त्याच्या ताटात ती तीच जळकी भाकरी वाढायची.

पण खरं सांगायचं तर तिची आग त्या डोंगराची नव्हती, जिराफाचीही नव्हती. ती नक्षूची होती.

नक्षू म्हणजे नक्षत्रा, जयमालाची लेक. नुकतं चौथं लागलेलं. झोपताना आईच्या पोटावर पाय टाकून, तिच्या कानाची पाळी चिमटीत धरून झोपणारी. दुपारी तिला मांडीवर घेऊन बसावं तर अर्ध्या घटकेत मांडीला मुंग्या यायच्या, कडेवर घेऊन दुकानापर्यंत जावं तर कंबर बोलायची. आणि जयमालाला त्या दुखण्यात असं काही सुख वाटायचं की ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. एवढी ही आपली. पण नक्षू लहान असल्यापासून तिला खरं हसवायची ती काकू. अपेक्षाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, आणि हात रिकामे होते म्हणून ती सारा दिवस नक्षूला घेऊन असायची. पोर रडली तर आधी काकूकडे बघायची. जयमाला दूध घेऊन उभी असायची आणि पोर काकूच्या पदरात तोंड लपवायची.

अपेक्षा आफ्रिकेला निघाली त्या दिवशी घरात तिची ओटी भरली. या घरात एक रीत आहे. लांबच्या मुलखाला निघालेल्या सुनेच्या पदरात अजून मूल नसेल, तर घरातलं लेकरू घटकाभर तिच्या ओटीत बसवायचं. लेकराच्या आईनं आपल्या हातानं बसवायचं आणि आपल्याच हातानं उचलून घ्यायचं. उचलताना मात्र त्या जागी नारळ ठेवायचा. दिलेली ओटी रिकामी करायची नाही. नारळ ठेवला की आईचं लेकरू आईला परत, आणि ओटीवालीला देवाचा शब्द.

त्या दिवशी नक्षू अपेक्षाच्या मांडीवर बसली ती बसलीच. छातीला डोकं टेकवलं आणि झोपून गेली. बायका कौतुकानं हसल्या. अपेक्षानं पोरीच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटले. बाहेर शेखर जीपचा हॉर्न वाजवत होता. जयमाला वाकली, पोरीला उचलू लागली, तर पोरीच्या मुठीत काकूचा पदर. जयमालानं ती मूठ एकेक बोट करून सोडवली. तबकातला नारळ तिला दिसत होता. एका हातावर पोर होती, दुसरा हात मोकळा होता. तो तिनं पुढं केला नाही.

अपेक्षानं एकदा आपल्या मांडीकडे बघितलं आणि रिकामा पदर गोळा करून उठली. निघायच्या घाईत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. संध्याकाळी जयमालानं तो नारळ फोडला आणि वांग्याच्या भाजीला वाटला. चांगला गोड निघाला.

*

पहिल्यांदा ते जिराफाच्या वासावरून झालं.

नक्षू भात खात होती. समोर नवा फोटो उघडा होता, जिराफ अगदी गाडीजवळ आलेला. नक्षूनं नाक मुरडलं आणि आजीला सांगितलं, "जिराफ घान वास मारते."

शालूबाई म्हणाल्या, असंन माय, जनावर हाये, त्याले कोन आंघोळ घालते. विषय तिथंच संपला. पण जयमालाच्या मनात तो राहिला. म्हैस वास मारते हे पोरीला माहीत होतं, बकरीही माहीत होती. जिराफाचा वास तिला कुणी सांगितला? जयमालानं तर सांगितला नव्हता. तो जयमालालाच माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोलता बोलता तिनं अपेक्षाला सहज विचारलं, तर अपेक्षा पडद्यावर थबकली. म्हणाली, हाव ताई, नर असला तं लय उग्र येते, पोट ढवळते. मी तं कोनालेच सांगतलं नाही, तुमाले कसं मालूम? जयमालानं सांगितलं, पुस्तकात वाचलं. आपल्या पोरीनं ओळखलं असं तिच्या तोंडातून निघेना. काकूला तेवढंही द्यायची तिची तयारी नव्हती.

मग दुपारच्या झोपेचं. नक्षू जेवली की झोपायची, तशी रोजच झोपायची. पण आता उठली की तिच्या तळपायांना काहीतरी लागलेलं असायचं. माती म्हणावी तर बीबीची माती चिकट, काळी, नखात बसली की निघायची नाही. ही राखेसारखी हलकी. बोटावर घेतली की उन्हात बारीक चमकायची. जयमालानं चूल बघितली. चूल कधीचीच बंद होती, गॅस होता. कुलदीपच्या दुकानातला कीस असेल म्हणून तिनं लोहचुंबक लावून बघितलं. एक कणही चिकटला नाही. मग तिनं ओल्या फडक्यानं पोरीचे पाय पुसले. पुसताना गुदगुल्या झाल्या तरी नक्षू हसली नाही. लांब चालून आलेलं माणूस पाय पुढं करतं, तसे तिनं पाय पुढं केले.

दरम्यान अपेक्षा अंगानं भरत चालली होती. पडद्यावर तिचा चेहरा निवांत दिसायचा. आधी ती सारखी बोलायची, आता मधेच थांबून कशाचा तरी कानोसा घेतल्यासारखी करायची. एकदा म्हणाली, आताशा ऊन डोक्यावर आलं की मले लय झोप येते, आन् बसल्या जागी मांडी अशी जड पडते की उठवत नाही. शालूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. फोन ठेवल्याबरोबर त्यांनी देवापुढं साखर ठेवली.

"दिवस गेले असतीन तिले," त्या म्हणाल्या. "तू पाह्यजो."

दिवस गेले नव्हते. शेखरनं तसं कुलदीपला सांगितलं. पण जयमाला त्या दिवशी साखरेची वाटी हातात घेऊन नुसती उभी राहिली. तिकडे ऊन डोक्यावर येतं तेव्हा इकडे किती वाजतात, हा हिशेब तिला सवयीनं पाठ झाला होता. ती नक्षूच्या झोपेची वेळ होती.

तिनं स्वतःलाच दटावलं. बी.एस्सी. झालेली बाई तू.

मग कंबर दुखायची थांबली.

हे तिच्या लक्षात यायलाही काही दिवस गेले, कारण दुखलं की कळतं, दुखायचं थांबलेलं कळत नाही. नक्षूला कडेवर घेऊन ती अंगणवाडीपर्यंत गेली, परत आली, मधे किराणा घेतला, आणि घरी आल्यावर पोरीला खाली ठेवायचं विसरून तशीच भांडी आवरू लागली. शालूबाईंनी हटकलं तेव्हा तिला आठवलं की पोर कडेवर आहे. अंगणवाडीत तिथल्या सेविकेनं, झुंबरबाईनं, नक्षूला वजनकाट्यावर उभं केलं होतं. काटा हलला, थरथरला आणि मागच्या खेपेच्या बराच अलीकडं थांबला. झुंबरबाईनं काट्याला चापट मारली. स्वतः उभी राहून बघितलं. तिचं वजन बरोबर निघालं. मग ती नक्षूकडे बघत राहिली. गाल तसेच गुबगुबीत, पोटऱ्या तशाच भरलेल्या. "दिसते तं धडधाकट," ती म्हणाली, पण तिनं पोरीला हात लावला नाही.

डॉक्टरला दाखवलं. रक्त तपासलं. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, खाते का नीट? खात होती. पण पानात वाढलेलं पाहुण्यानं खावं तसं, काही न मागता.

*

पिवळा ठिपका प्रथम कुलदीपनंच दाखवला. तिथल्या जंगलात डोंगराच्या पोटातला एक मोठा खड्डा आहे, नुर्दोतो नावाचा. फार पूर्वी ज्वालामुखीचा होता तो. आपल्या लोणारसारखाच गोल, भोवती झाडीची भिंत, तळाशी दलदल. वरून फक्त बघायचं, खाली उतरायला कुणालाच परवानगी नाही. तळाशी मोहरी सांडल्यासारखे काळे कण दिसतात, त्या रानम्हशी. अपेक्षानं वरून फोटो काढला होता आणि त्या म्हशींच्या अलीकडं, गवतात, एक पिवळा कण होता.

"सूर्यफूल हाये वाटते," कुलदीप म्हणाला.

पुढच्या आठवड्यातल्या फोटोत तो पिवळा कण खड्ड्याच्या उतारावर होता. त्याच्या पुढच्या फोटोत झाडीच्या कडेला. अपेक्षानं वेगवेगळ्या जागी उभं राहून काढलेले फोटो होते, आणि दरवेळी तो कण अपेक्षाच्या जवळ आलेला होता. शेवटच्या फोटोत माकडं होती. काळ्या-पांढऱ्या झालरीची माकडं, फांदीवर ओळीनं. त्या फांदीखाली अर्धवट दिसत होता एक पिवळा घोळ. जयमालानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. घोळाला खाली हिरवा काठ होता.

जयमालाच्या हळदीला नेसवलेलं पातळ होतं ना, पिवळं, हिरव्या काठाचं, त्याचा फ्रॉक तिनं स्वतः मशीनवर शिवला होता नक्षूला. दुसरा तसा फ्रॉक जगात नव्हता.

तिनं धावत जाऊन पेटी उघडली. फ्रॉक पेटीत होता. घडी घातलेला, इस्त्री केलेला. तिनं तो तोंडाशी नेला. त्याला धुराचा, ओल्या झाडीचा आणि आणखी कशाचा तरी उग्र वास येत होता. पोट ढवळणारा.

कुलदीपला तिनं फोटो दाखवला. त्यानं नीट, मोटारीची गुंडाळी तपासतो तसा बघितला आणि म्हणाला, "कोनाचं तरी लेकरू असंन. फिरायले येतेत लोकं." मग तिच्याकडे बघून आवाज उतरवून म्हणाला, "तू तिचे फोटो पाहनं बंद कर काही दिवस. तुह्या जिवाले तरास होऊन राह्यला."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यानं नारळाचं काय झालं ते पाहिलं नव्हतं, एवढंच.

*

अपेक्षाशी ती एकटी बोलली ती दुपारी, शालूबाई शेजारी गेल्यावर. नक्षू आत झोपली होती. आधी इकडचं तिकडचं झालं. मग जयमाला हसत हसत म्हणाली, म्हणजे तिला हसत हसतच म्हणायचं होतं, की अपेक्षा, तू निघाली त्या दिवशी गडबडीत ओटीत नारळ ठेवायचा राहिला बघ. सासूबाईंना कळलं तर बोलतील. तू असं कर, तिथलाच एक नारळ घे, मांडीवर ठेव आणि नुसतं म्हण, ताई, तुमची पोर तुम्ही घ्या. तेवढंच. माझ्या मनाच्या शांतीसाठी.

पडद्यावर अपेक्षानं फोन जरा वर धरला. तिच्यामागं खिडकी होती आणि खिडकीत तो निळा डोंगर.

"मी पाह्यलं होतं ताई," ती म्हणाली. "तुमचा हात मोकळा होता."

जयमाला फोनवर वाकली.

"मंग ठेव न आता. मी हात जोडते तुले."

अपेक्षा खाली आपल्या मांडीकडे बघत होती. फोन वर धरलेला, त्यामुळे मांडी दिसत नव्हती. तिचा दुसरा हात मात्र हळूहळू वरखाली होत होता, लयीत, काहीतरी थोपटल्यासारखा.

"इकडं नारळ भेटत नाही हो ताई," ती म्हणाली.

आणि तिनं फोन ठेवला.

जयमालानं जुने फोटो मागं मागं नेत काढले. आरुषाच्या बाजाराचा फोटो पहिल्याच महिन्यात आला होता. शालूबाई तो बघून म्हणाल्या होत्या, पाह्य वं, केवढाले नारळ, आपल्याइकडं एवढाले येतेत का. फोटोत अपेक्षा उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना, तिच्या खांद्याइतके उंच, नारळांचे ढीग होते.

*

रविवारी कुलदीपनंच लोणारला जायचं काढलं. चाल, तुले तुही आफ्रिका दाखवतो, तो म्हणाला. रोहित आले आहेत म्हणून कुणीतरी दुकानात सांगितलं होतं. जयमालानं पिशवीत खण, हळदकुंकू, तांदूळ आणि नारळ घेतला. तळ्याकाठी कमळजादेवीचं देऊळ आहे. जाऊ घेत नाही तर देवीनं घ्यावा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पोपटी साडी नेसली, नक्षूला मोटारसायकलवर मधे बसवलं.

लोणारच्या कड्यावर वारा होता. खाली गोल, हिरवट, न हलणारं पाणी आणि त्याच्याभोवती झाडीचं कडं. वर येणारा तो सडका, खारट वास. कुलदीप गाडी लावायला गेला. जयमाला नक्षूचं बोट धरून कठड्याशी उभी राहिली. पलीकडच्या काठाला खरंच एक गुलाबी रेघ होती. तिचा जीव क्षणभर सगळं विसरून त्या रेघेवर गेला. इतकी वर्षं मनात धरलेलं आपल्याच तालुक्यात येऊन उतरलं होतं.

"नक्षू, पाह्य, रोहित."

नक्षूनं रोहित बघितले नाहीत. तिनं तळ्याकडं, झाडीकडं, पलीकडच्या कड्याकडं ओळखीच्या नजरेनं बघितलं, जसं आपण दुसऱ्याच्या घरात आपल्या घरासारखं कपाट बघतो.

"इथी म्हशी काऊन नाही?" तिनं विचारलं.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

अपेक्षाचा फोटो. तोच खड्डा, नुर्दोतो. ऊन स्वच्छ. या बाजूचा कठडा, खाली दलदल, आणि पलीकडच्या कड्यावर झाडीतून बाहेर आलेली एक मोकळी जागा. तिथं कुणीतरी उभं होतं.

जयमालानं फोटो मोठा केला.

पोपटी साडी. खांद्याला पिशवी. एका हातात काहीतरी, फोन असावा, मान त्यात घातलेली. दुसरा हात बाजूला, जरासा खाली, बोटं वळवलेली. कुणाचं तरी बोट धरावं तशी.

त्या हाताखाली कुणी नव्हतं. नुसतं गवत होतं.

जयमालानं मान वळवली. तिच्या हातात नक्षूचा हात होता. तिनं तो दाबला. होता. इवलासा, कोरडा.

"काय?" नक्षू म्हणाली.

कुलदीप आल्यावर तिनं त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, हिरवं लुगडं तिकडं बी नेसत असतीन, गुजराती लय हायेत तिथी.

ती खाली उतरली. देवीची ओटी भरली. काय मागायचं ते तिला शब्दांत मांडता येईना, म्हणून ती नुसतं पोरीचं नाव घेत राहिली.

वर चढताना नक्षू कडेवर होती. ती चढण भल्याभल्यांचा दम काढते. कुलदीप दोनदा दगडावर टेकला. वाटेत एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभी होती. तिनं जयमालाकडं नवलानं बघितलं.

"एवढं मोठं लेकरू घेऊन चढली माय," ती म्हणाली, "आन् धाप बी नाही लागली तुले?"

*

नंतर बरेच दिवस अपेक्षाचा फोटो आला नाही. शालूबाई चष्मा लावून वाट बघायच्या. जयमालानं विचारायचं टाळलं. नक्षू खात होती, खेळत होती, बोललं की बोलत होती. जयमालानं मनाची समजूत घालायला सुरुवात केली होती. देवीनं नारळ घेतला असेल. का घेणार नाही?

फोन आला तो एका दुपारी. जयमाला भिंतीला टेकून बसली होती आणि नक्षू तिच्या मांडीवर झोपली होती, नेहमीसारखी, तिच्या कानाची पाळी चिमटीत धरून. तोंड जरा उघडं, कपाळाला घामाचे बारीक थेंब. जयमालानं एका हातानं फोन उचलला.

पडद्यावर अपेक्षाचा चेहरा दिसला. केस मोकळे, डोळे सुखानं जड झालेले. तिच्या एका कानाची पाळी लाल झाली होती, खाली ओढली गेल्यासारखी.

"अपेक्षा," जयमाला म्हणाली. "एवढे दिवस फोटो नाही, फोन नाही. कशी हाये तू?"

अपेक्षानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला न ताई," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागला तिचा."

जयमालानं खाली बघितलं. नक्षू तिच्याच मांडीवर होती. केव्हाची होती. जेवणं झाल्यापासून होती.

मांडीला मुंग्या आल्या नव्हत्या.

तिला ओरडायचं होतं. पण पोर उठेल, या भीतीनं तिनं आवाज खाली आणला.